आठ हजार वस्तीत कोलायटिसचे तीन रुग्ण : ही संख्या जास्त मानावी का? सल्ला हवा

धागाकर्ता : यवतमाळ जिल्ह्यातील आमचे गाव आणि लगतच्या वस्त्या मिळून सुमारे आठ हजार लोक राहतात. त्यांपैकी तिघांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणारा दीर्घकाळचा आजार) असल्याचे निदान झालेले आहे. कपाशीवरच्या फवारणीमुळे किंवा बोअरच्या पाण्यामुळेच हा आजार पसरतो, अशी चर्चा पारावर सुरू असून विषय ग्रामसभेत येणार आहे. तेथे काय मांडावे?

प्रतिसाद १ : आधी तुलनेसाठी एक आकडा घ्या. पंजाबमध्ये लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली, तेव्हा २३ जणांना हा आजार आढळला; म्हणजे लाखामागे ४४.३, आणि हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्या हिशेबाने आठ हजारांत साडेतीन रुग्ण निघतात, त्यामुळे तुमच्या तिघांवरून साथीचा किंवा पाण्याचा निष्कर्ष निघत नाही. (पाणी तपासायचे तर जरूर तपासा, पण ते पाण्यासाठी.) रुग्णालयात येणाऱ्या पोटाच्या रुग्णांपैकी शेकडा इतके, अशी टक्केवारी कोणी सभेत वाचून दाखवली, तर ती गावाच्या लोकसंख्येला लावू नका; तो आजारी माणसांतला वाटा असतो.

प्रतिसाद २ : वरील हिशेब मान्य आहे, पण तीन हे निदान झालेले रुग्ण आहेत, हे विसरू नये. आपल्याकडे शौचातून रक्त पडले की माणूस मूळव्याधीचे औषध घेतो, आव पडली की जंताच्या गोळ्या, आणि त्यातच वर्षे जातात. आशाताईंना एवढेच विचारायला सांगा : महिन्याहून अधिक काळ रक्त व आव पडते का, शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागते का, वजन घटले का. उत्तर होकारार्थी आल्यास सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचे मेडिकल गाठून दुर्बिणीची तपासणी व बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणे) करून घ्यावी. क्रोन्स (कोलायटिससारखाच आतड्याला सूज आणणारा दुसरा आजार) आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणे इतकी सारखी असतात की, क्षयाची शंका फिटल्याशिवाय स्टेरॉइड (सूज उतरवणारे, पण प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) सुरू करणे धोक्याचे ठरते.

धागाकर्ता : आभारी आहे. ग्रामसभेत पंजाबचा आकडा मांडतो आणि हे तीन प्रश्न आशाताईंकडे आजच देतो.