हिरवी पडलेली वायर: आधी टोक कापून बघा
पंधरा वर्षांची स्पीकर वायर पारदर्शक आवरणातून हिरवी दिसते, सगळी बदलू का, असं एकाने विचारलंय. घाई नको. टोकाची दोन इंच कापून सोला. आत तांबं लालसर, चकचकीत निघालं तर तारा घट्ट पिळून टर्मिनलमध्ये (वायर जोडायच्या खाचेत) परत आवळून बसवा. माझ्याकडची आवाजातली खरखर एवढ्यानेच गेली (घर समुद्राजवळ, टोकंच आधी काळी पडतात). आवरण कडक होऊन तडकलं असेल तर मात्र बदलाच. दोन तारा एकमेकींना टेकल्या तर अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो. आणि जाडी बघा. ०.७५ चौरस मिमीच्या दहा मीटर वायरीत जाऊन-येऊन साधारण ०.४६ ओहम रोध (विजेला होणारा अडथळा) येतो; ८ ओहमच्या स्पीकरला चालवून घ्याल, ४ ओहमला नको, त्याच्या मानाने तो जास्त होतो. अडीच चौरस मिमीची साधी तांब्याची घेतलीत तर तोच ०.१४ वर येतो.