मदत हवी आहे : पारंपरिक भट्टी न लावता घरी लोखंड पिवळं होईपर्यंत तापवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी चिंचवडला फ्लॅटमध्ये राहतो, गाव जुन्नर तालुक्यात, सुट्टीला तिकडं जाणं होतं. आईची परसबाग आहे आणि बाजारात जी खुरपी मिळतात ती नुसत्या पत्र्याची, कडक माती लागली की पातं वाकतं. पूर्वी गावातले लोहारमामा विळे खुरपी शेवटून, म्हणजे तापवून ठोकून धार काढून, द्यायचे, आता वयामुळे त्यांनी काम थांबवलंय आणि त्यांची मुलं कंपनीत लागली, त्यामुळे भट्टी बंदच आहे. तर मी ठरवलंय की आपणच शिकायचं. ट्रकच्या कमानपाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) तुकडे भंगारवाल्याकडून आणलेत, सांडशी, हातोडा आणि ऐरण म्हणून एक जाड ठोकळा जमवलाय. अडलंय ते फक्त तापवण्यावर.

दगडी कोळशाची भट्टी मला नकोय, एक तर तो कोळसा किरकोळीत चांगला मिळत नाही, मिळाला तर धूर आणि वास इतका की गावातसुद्धा शेजाऱ्यांना त्रास, चिंचवडला तर प्रश्नच नाही. मोजकं सामान काढून परत गुंडाळून ठेवता येईल असं काहीतरी हवंय.

मला जे समजलंय ते सांगतो, चुकत असेल तर सांगा. साधं लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, नीट ठोकायचं तर ११०० ते १२०० अंश लागतात, म्हणजे चांगला पिवळा रंग. कमानपाट्याचं पोलाद त्यापेक्षा थोडं खाली, साधारण १०५० पासून ८५० पर्यंतच ठोकायचं, नारिंगी उतरून लाल व्हायला लागलं की परत आत घालायचं, नाहीतर तडा जातो. आणि किचनच्या शेगडीवर हे होणार नाही याचं कारण ज्योत थंड असते हे नाही, ज्योत भरपूर गरम असते, पण उघड्यावर सगळी उष्णता हवेत निघून जाते आणि घरच्या रेग्युलेटरमधून गॅस येतो जेमतेम ३० मिलिबारनं.

आता माझे प्रश्न. गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाले डांबरी शीट चिकटवायला जो लांब दांड्याचा टॉर्च वापरतात, तो फायर ब्रिकच्या खोक्यात सोडला तर ८ ते १० मिमी जाडीचा तुकडा पिवळा होईल का? विटा कुठल्या घ्यायच्या, जड पांढरट फायर ब्रिक की हलकी इन्सुलेशनची? की लाकडी कोळसा आणि हेअर ड्रायर हेच सगळ्यात सोपं? ऑनलाइन मिळणाऱ्या इंडक्शन हीटरच्या बोर्डाबद्दलही ऐकलंय, तो कोणी वापरलाय का? खर्चाचं फार नाही, पण सिलेंडरच्या बाबतीत मला जोखीम अजिबात नको, घरात लहान मुलगी आहे.

प्रतिसाद १

दादा, मी वर्कशॉपमध्ये हीट ट्रीटमेंटला काम करतो. वीट हलकीच घ्या, इन्सुलेटिंग फायर ब्रिक म्हणून मागा, हॅकसॉच्या पात्यानं कापता येते आणि चमच्यानं कोरता येते इतकी मऊ असते. जड वीट टिकते जास्त पण आधी ती स्वतःच उष्णता पिते, लहान कामाला तुमचा अर्धा गॅस वीट तापवण्यातच जाईल. बांधकामाची लाल वीट तर नकोच, तडकते.

आतली जागा जितकी छोटी तितकं बरं, हाच खरा मुद्दा आहे, लोक मोठा ड्रम घेतात आणि मग म्हणतात तापत नाही. खुरप्याच्या पात्याला मुठीएवढी पोकळी, लांबी एका विटेची म्हणजे ९ इंच, बाजूनं टॉर्चसाठी तिरकं भोक. टॉर्चचं तोंड भोकाच्या जरा बाहेर ठेवा, आत खुपसलं तर त्याला हवा ओढता येत नाही आणि नोझल लाल होतं. मागची बाजू अर्धवट विटेनं झाका. एवढं केलं की १० मिमीचा तुकडा नारिंगीच्या वर जायला हरकत नाही. सिरॅमिक ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडवणारी तंतूंची चादर, लावलंत तर ते उघडं ठेवू नका, त्याचे बारीक तंतू फुफ्फुसात जातात, वरून रिफ्रॅक्टरी मॉर्टरचा (उष्णता सोसणाऱ्या लेपाचा) थर द्या आणि कापताना मास्क लावाच. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूच्या भट्टीचे व्हिडिओ फिरतात ते सोडून द्या, त्याचा भुगा होतो.

गॅसचं म्हणाल तर १४.२ किलोचा लाल सिलेंडर यासाठी वापरणं कायद्यानंही चालत नाही, तो फक्त स्वयंपाकासाठी. १९ किलोचा व्यावसायिक घ्या, त्याला हाय प्रेशरचा ॲडजस्टेबल रेग्युलेटर आणि आयएसआयची गॅसची नळी. सिलेंडर उभाच, भट्टीपासून नळी पुरेल तितका लांब, साबणाच्या पाण्यानं जोड तपासल्याशिवाय पेटवायचं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून बंद बाल्कनी, पार्किंग, तळघर यातलं काहीच नाही. मी तर म्हणेन फ्लॅटवर हा प्रकार करूच नका, गावालाच करा.

इंडक्शनबद्दल : तो छोटा १००० वॉटचा बोर्ड नट बोल्ट लाल करतो, पण त्याला वेगळा दमदार पॉवर सप्लाय आणि कॉइलला फिरतं पाणी लागतं. शिवाय कॉइलच्या आकारात बसेल तेवढंच तापतं, आणि खुरप्याचं पातं रुंद. तुमच्या कामाचा नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे, पण गावालाच करायचं असेल तर गॅस कशाला भाऊ? आमच्याकडं ऊसतोडीच्या हंगामात घिसाडी लोक रस्त्याकडेला पाल टाकून कोयते करायचे, त्यांची भट्टी म्हणजे जमिनीत खड्डा, एक नळी आणि हातानं फिरवायचा भाता. बाकी काही नाही. एवढ्यावर ती माणसं कुऱ्हाडी घडवायची, आणि घरातली बाई घण मारायची, ते कसब बघत राहावं असं होतं.

तुम्ही वीतभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, आतून चिकणमाती आणि राखेचा लेप द्या, नीट वाळू द्या, ओला लेप तडकून उडतो. बाजूनं एक इंची साधा लोखंडी पाइप, जीआय नको बरं का, त्यावर जस्त असतं आणि जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो, रात्रभर हुडहुडी. पाइपाच्या मागं हेअर ड्रायर थंड हवेवर, मध्ये थोडी फट सोडा म्हणजे हवा कमी जास्त करता येते. लाकडी कोळसा अक्रोडाएवढा फोडून घ्या. तुकडा हवेच्या तोंडासमोर न ठेवता जरा वर, निखाऱ्यांच्या पोटात आडवा. समोर ठेवलात तर पोलाद जळतं, चांदण्यासारख्या ठिणग्या निघाल्या की समजा ते टोक गेलं. कोळसा बराच लागतो आणि तो फुटून उडतो, म्हणून सुती कपडे, चष्मा, आणि वाऱ्याच्या दिवशी नाही. गवताच्या गंजीजवळ तर मुळीच नाही.

मूळ धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार, माझा गुंता बराच सुटला. म्हणजे सुरुवात गावाला खड्ड्याची भट्टी करूनच करतो, हात बसला की मग विटांची छोटी गॅस भट्टी, तीही तिकडंच. ताई, तुम्ही घिसाडी मंडळींचं लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं, त्यांच्यापैकी कोणी जुन्नर, नारायणगाव भागात अजून काम करत असेल तर कृपया सांगा, मी पैसे देऊन दिवसभर बसून शिकेन.

एक राहिलं. पाणी पाजताना, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करताना, कमानपाट्याला पाणी वापरायचं की तेल? चुंबक चिकटायचा थांबतो ते ७७० अंशांच्या आसपास हे माहीत आहे, पण तिथंच बुडवायचं की अजून चढवायचं?

प्रतिसाद १

अजून चढवा, चुंबक सुटल्यावर रंग एक पायरी उजळू द्या, कमानीच्या पोलादात सिलिकॉन असेल तर ते जरा जास्तच मागतं. तेलातच बुडवा, पाण्यात तडकेल. साधं खाण्याचं तेल चालतं, आधी ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा, थंड तेल घट्ट असतं. डबा लोखंडी आणि खोल हवा, झाकण हाताशी ठेवा, तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, झाकण टाकायचं. मग ठिसूळपणा काढायला लगेच पातं घासून चकचकीत करून परत हलकं तापवा. तुमच्याकडं ओटीजी असेल तर २२० अंशांवर तासभर ठेवा, तेल आधी नीट पुसून, नाहीतर घरभर धूर. खुरप्याला दगड लागणार, म्हणून मी थोडं पुढं, चकचकीत पात्यावर तापताना जो रंग चढतो तो जांभळट होईपर्यंत नेईन, तेवढं ओटीजीत होणार नाही, पात्याच्या पाठीकडून निखाऱ्यावर धरून रंग धारेपर्यंत सरकत येऊ द्या आणि तिथंच थांबवा. पहिल्या पात्याचा फोटो टाका, रंग बघून सांगतो.