अपक्षाला चार बटणांचं गणित कुठं जमतं?

काही जण म्हणतात की वाघोली, बावधनसारख्या भागातल्या सोसायट्यांनी एकी केली तर एखादा सुशिक्षित अपक्ष पुणे महापालिकेत सहज निवडून येईल. सहज? मला नाही वाटत.

प्रभाग चार सदस्यांचा आहे हो. 165 नगरसेवक, 41 प्रभाग; एकच प्रभाग पाच सदस्यांचा, बाकी सगळे चारचेच. मतदाराला अ, ब, क, ड असं प्रत्येक जागेसाठी बटण दाबायचं असतं. पक्षाचं पॅनेल एकच चिन्ह घेऊन फिरतं, 'चारही वेळा हेच दाबा' म्हटलं की काम झालं. अपक्षाला मात्र 'तीन कुणालाही द्या, पण क गटात माझं शिट्टीचं चिन्ह शोधा' असं सांगत हिंडावं लागतं. त्यातून चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, मतदान अगदी तोंडावर आलेलं असताना.

दुसरी गोम मतदारयादीची. 15 जानेवारी 2026 च्या मतदानासाठी 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी धरली होती. क्लबहाऊसमधल्या सभेत टँकरच्या बिलावरून उमेदवाराला धारेवर धरणारे निम्मे लोक कोथरूड, हडपसर नाहीतर थेट लातूरच्या यादीत! टाळ्या मिळतात, मतं नाहीत.

गावठाणात असं होत नाही. तिथला कार्यकर्ता यादीचं पान घेऊन बसतो, कोण वारलं, कुणाची सून आली, सगळं तोंडपाठ.

तेव्हा अपक्ष उभा करायचाच असेल तर फ्लेक्सचा खर्च राहू द्या. आधी सोसायटीत फॉर्म आठ, म्हणजे मतदारयादीतला पत्ता बदलायचा अर्ज, भरून घ्या, तोही निवडणूक लागण्याच्या वर्षभर आधी.