कानामागच्या श्रवणयंत्राची नळी : कधी बदलावी आणि घरी बदलता येते का?

ओंजळ :
नमस्कार. माझी आई गेली चार वर्षे दोन्ही कानांना कानामागे बसणारी श्रवणयंत्रे लावते. कानात बसणारे तिचे साचे कडक ॲक्रिलिकचे (एक प्रकारचे प्लास्टिक) आहेत आणि यंत्राच्या हुकापासून (कानावरून वळणारा यंत्राचा वाकडा तुकडा) साच्यापर्यंत नेहमीची जाड, पारदर्शक नळी आहे. महिनाभरापासून उजवे यंत्र शिट्टी वाजवते, विशेषतः ती घास चावताना किंवा मान वळवताना. यंत्र तपासून घेतले तेव्हा त्यात दोष निघाला नाही आणि साचा सैल झाला असेल तर नवा करावा लागेल, असे आम्हांला सांगण्यात आले. काल मी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. डावी अजून बोटांत दबते. उजवी मात्र पिवळी पडली आहे, वाकवली की वाकल्या जागी पांढरट रेघ उमटते आणि सोडल्यावरही ती पटकन सरळ होत नाही. शिट्टीचे मूळ या नळीत असू शकेल का? नळी किती दिवसांनी बदलायची असते? ती मी घरी बदलू शकते का? शिवाय थंडीत सकाळी नळीत पाण्याचे बारीक थेंब दिसतात आणि आईला आवाज तुटक येतो, त्यावर काय करावे?

नादरेषा :
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. तुम्ही केलेले निरीक्षण अचूक आहे आणि नवा साचा करण्याआधी नळीकडे पाहायला हवे, हे माझे स्पष्ट मत आहे. ही नळी पीव्हीसीची असते आणि तिला लवचीक ठेवणारे द्रव्य घाम, त्वचेचे तेल आणि उष्णता यांमुळे हळूहळू तिच्यातून निघून जाते. मग नळी पिवळी पडते, कडक होते आणि थोडी आखडतेही. आखडलेली, ताठ नळी साच्याला सतत वर आणि बाहेर ओढत राहते. जबडा हलला की कानाच्या मार्गाचा आकार किंचित बदलतो. मऊ नळी असेल तर साचा त्या हालचालीबरोबर जागच्या जागी राहतो, पण कडक नळी त्याला उचलते, साचा आणि कान यांच्यात फट पडते, तिथून निसटलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. म्हणून साचा सैल वाटत असला, तरी तो खरोखर सैल असेलच असे नाही.

कारण नेमके कुठे आहे ते घरीच पाहता येते. यंत्र चालू ठेवून हातात घ्या आणि साच्याच्या कानात जाणाऱ्या टोकाचे भोक बोटाने घट्ट दाबून धरा. शिट्टी थांबली, तर नळी आणि हुक धड आहेत आणि आवाज साचा व कान यांच्यामधून निसटतो आहे. थांबली नाही, तर नळी हुकावरून काढा आणि हुकाचे टोक बोटाने बंद करा. आता शिट्टी थांबली, तर दोष नळीत किंवा ती साच्याला जिथे जोडली आहे तिथे आहे; अजूनही वाजत असेल, तर हुक किंवा यंत्रच तपासावे लागेल. हुकाजवळ नळीला केसाएवढी चीर गेलेली असते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ही चाचणी फार उपयोगी पडते.

नळी साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावी. ती तुटेपर्यंत थांबू नये, कारण तोवर माणूस कित्येक आठवडे कमी ऐकत असतो. एका नळीचे आयुष्य जरा जास्त निघाले तरी दोन्ही एकाच वेळी बदलाव्यात, म्हणजे तारीख लक्षात राहते.

दोन्हीबाजू :
मी स्वतः बावीस वर्षे अशी यंत्रे वापरतो. थेंबांबद्दल अनुभवाने सांगतो. कानातली हवा उबदार आणि दमट असते, बाहेरची थंड असते, त्यामुळे नळीच्या आतल्या बाजूला दव साचते आणि एवढासा थेंबही आवाजाची वाट अडवतो. साचा नळीसकट हुकावरून सोडवावा आणि नळीच्या मोकळ्या टोकातून रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासाबरोबर आणखी ओलावाच आत जातो. रात्री यंत्र बॅटरीचे दार उघडून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. आठवड्यातून एकदा साचा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पण यंत्र आधी वेगळे करूनच. यंत्राला पाणी लागता कामा नये. स्पिरिट वापरू नये, त्याने नळी लवकर कडक होते. धुतलेला साचा रात्रभर वाळू द्यावा आणि सकाळी नळी उजेडात धरून आत थेंब उरला नाही ना, हे पाहूनच जोडावा.

आणखी एक सवय आईंना अवश्य लावा. कानातून काढताना पकड साच्याची असावी, नळीची नव्हे. मी अनेक वर्षे नळी ओढूनच साचा काढत असे आणि ती दर वेळी साच्याच्या तोंडाशीच फाटत असे.

ओंजळ :
दोघांचेही मनापासून आभार. चाचणी केली. साच्याचे भोक बंद केल्यावर शिट्टी कमी झाली पण पुरती थांबली नाही, आणि नळी काढून हुकाचे टोक बंद केल्यावर ती पूर्ण थांबली. म्हणजे नळीच. आता ती मी बदलावी का?

नादरेषा :
चाचणीचा निष्कर्ष तुम्ही बरोबर काढला आहे. नळी आधी एकदा आमच्यासारख्यांकडून समोर बसून बदलून घ्या आणि सगळी कृती पाहा, असे मी सुचवीन. पुढच्या वेळी तुम्हांला ती जमेल. आईंच्या नळीची जात आधी विचारून घ्या. नेहमीच्या १३ नंबरच्या नळीचा आतला व्यास १.९३ मिलीमीटर असतो, पण भिंतीची जाडी वेगवेगळी येते. जास्त शक्तीच्या यंत्राला जाड भिंतीची नळी लावतात, कारण पातळ भिंतीतून आवाज बाहेर झिरपतो आणि शिट्टी पुन्हा सुरू होते.

जुनी नळी साच्यातून ओढून काढतात. ती चिकटवलेली असेल तर भोक साफ करावे लागते, आणि ते घरी करताना साच्याला इजा होते, म्हणून तिथे थांबावे. नवी, आधीच वाकवलेली नळी एका टोकाला लांब तिरकी कापून टोकदार करतात, ते टोक साच्याच्या बाहेरच्या भोकातून आत घालून कानाकडच्या बाजूने बाहेर ओढतात आणि नळीचे वळण भोकाच्या तोंडाशी नीट बसेपर्यंत ओढत राहतात. मग कानाकडची बाजू साच्याच्या टोकाशी अगदी सपाट कापतात. इथे थोडेही टोक पुढे राहिले तर ते कानाच्या नाजूक त्वचेला टोचते, आणि आत दबून राहिले तर तिथे मळ साचतो. ॲक्रिलिकच्या साच्यात नळी विशिष्ट गोंदाने पक्की करतात. घरातला झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, कारण तो भोकात उतरला तर आवाजाची वाट कायमची बंद होते.

सर्वांत मोठी चूक लांबीत होते. साचा कानात घालून, यंत्र कानामागे त्याच्या जागी धरून, नळी हुकाच्या टोकाला जिथे भेटते तिथे खूण करावी, आणि हुकावर चढणाऱ्या भागाची लांबी त्यात मिळवून नळी सरळ कापावी. तिरकी कापली तर हुकावर ती पुरेशी घट्ट बसत नाही. आखूड झाली तर यंत्र कानावर दाबते आणि साचा बाहेर ओढला जातो. लांब झाली तर यंत्र कानामागून लोंबते. आधी थोडी लांब कापून हळूहळू कमी करा.

दोन्हीबाजू :
लांबीबद्दलचे हे शब्द मी अधोरेखित करतो. मी पहिल्यांदा नळी टेबलावर जुनीच्या मापाने कापली होती. जुनी आखडलेली होती, म्हणून नवीही आखूड झाली आणि दोन दिवसांत कानाच्या वरच्या कडेला फोड आला.

वाटसरू :
एक भर घालतो, कारण हा धागा वाचणाऱ्या सर्वांची यंत्रे सारखी नसतील. बारीक नळी आणि साच्याऐवजी रबरी डोम (कानात जाणारी मऊ टोपी) असलेल्या यंत्रात नळी यंत्राकडून काढून तिच्यातून सोबत मिळणारी बारीक काडी डोमकडे पूर्ण घालून मळ बाहेर ढकलतात. ज्या यंत्रात स्पीकर कानात असतो, त्याच्या नळीत तार असते. तिच्यात काडी मुळीच घालू नये.

ओंजळ :
आज आईसोबत जाऊन दोन्ही नळ्या बदलून घेतल्या आणि कृती जवळून पाहिली. नवी नळी बोटांत चेंबली तरी लगेच गोल होते. आईने घास चावून पाहिला, मान दोन्हीकडे वळवून पाहिली, शिट्टी आली नाही. जुना साचाच तिच्या कानात नीट बसतो आहे. तीन महिन्यांनंतरची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.