आर्मडा, आर्मे आणि आपलं आरमार

खुष्कीवाला: काल शिडवाल्यांनी लिहिलं, ‘आर्मडा म्हणजे १५८८ ची स्पॅनिश ताफ्याची इंग्लंडवरची स्वारी, फ्रेंच आर्मे म्हणजे जमिनीवरची फौज, दोन्हींचा काडीचा संबंध नाही.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. दोन्हींचं मूळ लॅटिन ‘आर्माता’, शस्त्रसज्ज केलेली. स्पेननं तो शब्द दर्यावर नेला: तिथलं नौदल आजही ‘आर्मादा’, भूदल ‘एहेर्सितो’. फ्रेंचांनी जमिनीवर ठेवला, इंग्रजांनी त्यांच्याकडून ‘आर्मी’ उचलली. इटलीत ‘आर्माता’ आता भूदलाची; जुन्या व्हेनिसमध्ये मात्र तो लढाऊ गलबतांचा ताफा.

शिडवाला: मूळ एक असेल. बोलणारा मूळ बघून बोलतो का? आर्मडा म्हटलं की १५८८ च आठवतं.

गोंयकार: त्याला ‘स्पॅनिश’ तरी का म्हणता? ताफा सुटला लिस्बनहून. ताफ्याचा सेनापती मेदिना सिदोनिया ज्या ‘साऊं मार्तिन्यो’वर होता ते जहाज पोर्तुगीज. स्पेनचा राजा दुसरा फिलिप, त्यानं १५८० मध्ये पोर्तुगाल घेतलं होतं, म्हणून सगळं स्पेनच्या खात्यावर. आपलं ‘आरमार’ही पोर्तुगीज ‘आर्मादा’वरूनच आलं.

सह्यकडा: झालं, सगळं पोर्तुगिजांचंच! आमच्या बाईंनी फळ्यावर फोड करून दाखवली होती, आर अधिक मार. बैलाला टोचायची ती आर. आणि परके शब्द चालत होते तर महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशाला करवून घेतला?

गोंयकार: तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. पगार, चावी, काडतूस हेही पोर्तुगीजच, त्यांचीही फोड करणार का?

सह्यकडा: म्हणजे महाराजांचं आरमार उसनं? हे ऐकून घेणार नाही.

तांडेलाचा नातू: असं कोण म्हणालं? माझे आजोबा मालवणला गलबतावर तांडेल. रात्रभर सुकाणूवर बसायचे, हाताला घट्टे पडलेले. ते ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलं, दर्यासारंगातला ‘सारंग’ फारसीवरून. म्हणून आजोबांचा दर्या परका झाला का? महाराजांची जहाजं कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधली गेली. ती कुणाची उसनी नव्हती.

सह्यकडा: बरं, आर-मार सोडतो. कोशाचा मुद्दा सोडत नाही.

शिडवाला: धागा युरोपचा होता हो.

खुष्कीवाला: मग युरोपचंच घ्या. स्पॅनिश माणसाला १५८८ सांगायचं तर ‘आर्मादा इन्व्हेन्सिब्ले’, म्हणजे अजिंक्य आरमार, म्हणावं लागतं, कारण नुसतं ‘आर्मादा’ म्हणजे आजचं नौदल.

शिडवाला: स्पॅनिशपुरतं मान्य. इंग्रजीपुरतं माझं म्हणणं कायम.