गढूळपणाच्या नोंदींवरून किनारी पाण्यातील गाळाचे प्रमाण कसे काढावे?

प्रश्न
किनाऱ्यालगत बसवलेला सेन्सर दर १५ मिनिटांनी पाण्याचा गढूळपणा एफएनयू (विखुरलेल्या प्रकाशावरून गढूळपणा मोजण्याचे एकक) या एककात नोंदवतो. मला मात्र तरंगत्या गाळाचे प्रमाण मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये हवे आहे. प्रकाशित अभ्यासातील एखादा गुणक घेऊन वर्षभराच्या नोंदींना लावला, तर चालेल का?

प्रतिसाद १
चालणार नाही, कारण सेन्सर गाळाचे वजन मोजतच नाही. आयएसओ ७०२७ या गढूळपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानक पद्धतीचे उपकरण सुमारे ८६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पाण्यात सोडते आणि काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजते. हे विखुरणे मुख्यतः कणांच्या छेदक्षेत्रावर अवलंबून असते. कणांचा व्यास दहापट लहान झाला, तर तेवढ्याच वजनाच्या गाळाचे एकूण छेदक्षेत्र दहापट वाढते. त्यामुळे लाटांनी तळाची रेती उचलली, की पाण्यातील गाळ पुष्कळ वाढूनही आकडा त्या मानाने फारसा हलत नाही. गुणक त्याच जागेच्या पाण्यावरून काढावा लागतो.

प्रतिसाद २
त्यासाठी पाण्याचे नमुने गाळून त्यांतील गाळाचे वजन काढावे आणि ते सेन्सरच्या आकड्याशी जोडणारे समीकरण बसवावे. नमुने सेन्सरच्याच खोलीवरून, नोंदीच्याच क्षणी घ्यावेत. शांत दिवसांचे नमुने गोळा करणे सोपे असते, पण त्यांतून समीकरणाचा वरचा, म्हणजे जास्त गढूळ पाण्याचा, भाग रिकामाच राहतो. म्हणून उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), भरती-ओहोटीचा जोराचा प्रवाह आणि खवळलेला समुद्र या सर्व स्थितींतील नमुने हवेत.

प्रयोगशाळेत सर्वाधिक काळजी मिठाची घ्यावी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. फिल्टरमध्ये अर्धा मिलिलिटर पाणी अडकून वाळले, तरी १७ मिलिग्रॅमहून अधिक मीठ वजनात मिसळते, आणि गाळाचे स्वतःचे वजन अनेकदा तेवढेच असते. म्हणून फिल्टर, विशेषतः त्याच्या कडा, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवाव्यात आणि मगच तो १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला स्थिर वजन येईपर्यंत वाळवावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. समीकरण लॉगरिदम घेऊन बसवावे का?

प्रतिसाद ३
नमुन्यांचा पल्ला मोठा असल्यास जरूर बसवावे. मात्र उत्तर मूळ एककात परत आणताना सरासरी गाळ कमी भरतो, तेव्हा १९८३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ ड्युआन यांनी सुचवलेली स्मिअरिंग दुरुस्ती, म्हणजे समीकरणाचा अंदाज आणि मोजलेले प्रमाण यांतील फरकांवरून काढलेला गुणक, लावावी. सेन्सरच्या काचेवर शेवाळ धरले, की आकडा दिवसेंदिवस सावकाश चढत जातो. अशा नोंदी समीकरणात घालण्यापूर्वीच वेगळ्या काढाव्यात. शिवाय गाळ अतिशय दाट झाल्यावर प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही आणि आकडा उलट उतरू लागतो, म्हणून सर्वांत गढूळ नमुन्यापलीकडच्या नोंदींना हे समीकरण लावू नये.