मदत हवी आहे : फर्ग्युसनचे जुने विद्यार्थी

नमस्कार मंडळी, माझे पणजोबा 1910 च्या आसपास पुण्यात फर्ग्युसनला होते, म्हणजे रँग्लर परांजपे प्रिन्सिपॉल आणि धोंडो केशव कर्वे गणिताला, तो काळ. 75 रुपये पगारावर 20-20 वर्षं शिकवायची शपथ घेतलेली माणसं होती ती, विचार केला तरी भरून येतं. घरी एक ग्रुप फोटो सापडलाय, मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं पार पुसट झालीत, फक्त 'बी.ए.' आणि पणजोबांचं आडनाव वाचता येतं. त्यांचे वर्गमित्र पुढे कुठे गेले, काय झाले हे शोधायचंय. जुनी मॅगझिन्स, वार्षिक अहवाल कुठे बघायला मिळतील? कोणी असं काम केलंय का? प्लीज सांगा, आजी 91 वर्षांची आहे, रोज विचारते.